माळ्यावरचा पत्र्याचा डबा

गेल्या शनिवारी मोरव्याला जाणं झालं. भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की आधी मुर्धा, मग राई आणि मग मोरवा. वाटेत मिठागरं, खाजण आणि तो ओळखीचा खारट वास. हे माझं आजोळ. मामाचं कौलारू घर पाडून नवीन बांधायचं ठरलंय, त्यामुळे मामीचा निरोप आला होता, "माळ्यावर तुमचं काय असेल ते येऊन घेऊन जा, नाहीतर भंगारवाल्याला देते." आयटीवाल्याला शनिवारी सकाळी आठला उठवायला एवढी धमकी पुरते.

माळ्यावरून धुळीने माखलेला एक चौकोनी बिस्किटांचा डबा निघाला. उघडला तर आमचं अख्खं बालपण! पत्र्याची आगबोट, टिकल्यांचं पिस्तूल, सर्दावलेल्या टिकल्यांची दोन रिळं, एक विटी (दांडू कुठे गेला देव जाणे), भोवरा, आणि पिवळ्या-लाल रंगाचा एक लाकडी खुळखुळा. मी आणि माझा मामेभाऊ (त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो) दोघेही चाळिशी ओलांडलेले घोडे, पण पुढची दहा मिनिटं आम्ही जमिनीवर फतकल मारून बसलो होतो.

तेवढ्यात माझ्या अडीच वर्षांच्या लेकीने तो खुळखुळा उचलला आणि, ती जे प्रत्येक वस्तूचं करते ते केलं. म्हणजे सरळ तोंडात घातला.

बायकोने झडप घालून तो काढून घेतला. लेकीने भोकाड पसरलं. आणि मामी म्हणाली, "अगं, काही होत नाही त्याला. ही पाचही पोरं त्याच्यावरच वाढली. झालं का कोणाला काही?"

यावर कोणीच काही बोललं नाही. कारण समोर दादा बसला होता, आणि दादाला डाव्या डोळ्याने फक्त उजेड-अंधार एवढंच कळतं.

दादाचा डोळा

गोष्ट १९८८ च्या मे महिन्याच्या सुट्टीतली. रामानंद सागरांचं 'रामायण' दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत चाललं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे वगैरे तुम्ही ऐकलं असेलच. वाडीत टीव्ही एकच होता, आणि त्याच्यासमोर अख्खी वाडी. एपिसोड संपला की पुढचा एपिसोड अंगणात, आमचा. धनुष्य बांबूच्या कामटीचं, दोरी सुतळीची, बाण खराट्याच्या हिराचा. एका मोठ्या मुलाने शक्कल काढली की हिराच्या टोकाला टाचणी बांधली तर बाण 'लागतो'. दादा नऊ वर्षांचा होता, मी पाच. मी वानरसेनेत होतो आणि माझं काम एकच, खराट्यातून चांगले जाड हीर उपसून द्यायचे. तो बाण कोणी मारला हे आता बोलण्यात अर्थ नाही. हीर मी दिला होता, एवढं मला पक्कं आठवतं.

अनेक वर्षं मला वाटायचं की हा आमच्याच घरावर आलेला काहीतरी विचित्र योग. तसं नव्हतं. भारतातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना धनुष्यबाण आणि विटीदांडू ही दोन नावं नीट माहीत आहेत. मुलांच्या डोळ्यांना खोल इजा करणाऱ्या गोष्टींची यादी त्यांच्या नियतकालिकांत येते तेव्हा त्यात ही दोन्ही असतात. विटी तर खेळाच्या नियमानेच हवेत उडते, आणि ती झेलायला समोरचा वर बघतच उभा असतो! डोळ्याचं बुबुळ फाटलं तर टाके घालता येतात, पण आतला पडदा सुटला किंवा जंतुसंसर्ग झाला की नजर परत येईलच याची खात्री नसते. दादाचं तेच झालं.

पण यातली एक गोष्ट लक्षात घ्या. टोकदार काडी डोळ्यात गेली तर डोळा जातो हे समजायला कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नव्हती. आया ओरडतच होत्या. धोका डोळ्यांना दिसत होता. डबा गाडीत टाकून घरी आलो आणि रविवारभर वाचत बसलो, तेव्हा हळूहळू कळलं की आमच्या डब्यातला सगळ्यात गरीब दिसणारा गडी वेगळाच होता.

आवाज, धूर आणि जाळ

आधी दिसणाऱ्या धोक्यांबद्दल.

पत्र्याची आगबोट तुम्ही जत्रेत पाहिली असेल. आत पत्र्याची छोटीशी टाकी, मागे दोन नळ्या, खाली तेलाचा काकडा. काकडा पेटवला की टाकीतल्या पाण्याची वाफ होते, ती नळ्यांतलं पाणी मागे ढकलते, मग थंड होऊन पुन्हा पाणी आत ओढते. 'फट फट फट' करत बोट परातीत गोल फिरते. थॉमस पियो नावाच्या माणसाने १८९१ मध्ये ब्रिटनमध्ये याचं पेटंट घेतलं होतं. एकही हलणारा सुटा भाग नसलेलं इंजिन! इंजिनिअर म्हणून आजही मला ते भारी वाटतं. पण कापऱ्या कडांचा पत्रा, उघडा जाळ आणि तेल, हे सगळं एकत्र करून सात वर्षांच्या मुलाच्या हातात... असो.

टिकल्यांची गोष्ट आणखी मजेशीर. एका टिकलीत पोटॅशियम क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस किंचितसा असतो. हे मिश्रण घर्षणाला आणि ठोक्याला इतकं हळवं असतं की पेटवायला काडी लागत नाही. एक टिकली तशी निरुपद्रवी. पण एकेक टिकली फोडणं कोणाला हवं होतं? रिळंच्या रिळं खरवडून ती पूड नटमध्ये भरायची, दोन्ही बाजूंनी बोल्ट आवळायचे आणि तो नट-बोल्ट उंच फेकून सिमेंटवर आपटायचा. किंवा सायकलच्या स्पोकच्या टोपीत काडेपेटीतल्या काड्यांचा गुल भरायचा. (हे वाचून कोणी प्रयोग करू नये. बोल्ट ज्या वेगाने परत येतो त्याला दिशा नसते.) खेळणं बनवणाऱ्याने जे ठरवलं ते एक, आणि वापरणारा जे करतो ते दुसरं. आमच्या धंद्यात रोज हेच घडतं.

तिसरं, आंब्याच्या पेटीतली कार्बाईडची पुडी. आंबे पिकवायला कार्बाईड वापरण्यावर बंदी आहे, पण त्या काळी पेटीत पुडी निघायचीच. कार्बाईडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन तयार होतो, म्हणजे वेल्डिंगवाले वापरतात तोच गॅस. भोक पाडलेला डबा, कार्बाईडचा खडा, दोन थेंब पाणी, काडी आणि धडाम! हे जुनं झालं असं मला वाटत होतं. पण २०२५ च्या दिवाळीत प्लॅस्टिकच्या पाइपची आणि गॅस लायटरची 'कार्बाईड गन' बाजारात आली. मुलं ती पेटली नाही म्हणून पाइपात डोकावून बघायची आणि नेमकी तेव्हाच ती उडायची. एकट्या भोपाळमध्ये शंभराहून जास्त जणांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यात बहुतेक मुलंच. सदतीस वर्षांनी पुन्हा डोळाच.

सापाच्या गोळीचं कुळ

आता ज्याला कोणीच घाबरत नाही ते खेळणं. नागगोळी ऊर्फ सापाची गोळी. आवाज नाही, ठिणगी नाही, म्हणून सगळ्यात लहान पोराच्या हातात दिली जाते. आमच्याकडे तर दिवाळीत माझी 'नेमणूक' सापाच्या गोळीवरच होती, कारण मी सगळ्यात छोटा.

तिचं मूळ पार जर्मनीत आहे. १८२१ मध्ये फ्रेडरिक व्होलर या रसायनशास्त्रज्ञाला दिसलं की पाऱ्याचा एक क्षार (मर्क्युरी थायोसायनेट) तापवला की तो फुगून नागमोडी सापासारखा बाहेर येतो. १८६५ च्या सुमारास पॅरिसमध्ये 'फेरोचा साप' या नावाने त्याची खेळणी विकायला आली आणि लोक वेडे झाले. घरात, जेवणाच्या टेबलावर पाऱ्याची वाफ! शिवाय गोळी दिसते मिठाईसारखी, त्यामुळे ती खाऊन मुलं दगावली. मग पाऱ्याच्या गोळ्या मागे पडल्या आणि त्यांच्या जागी डांबरासारखे पदार्थ वापरून केलेली आजची काळी गोळी आली.

पारा गेला, म्हणजे प्रश्न सुटला? २०१६ मध्ये पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर एक साधा प्रयोग केला. नेहमीचे सहा फटाके घेतले आणि मुलं साधारण जिथे उभी राहतात त्या अंतरावर हवेतले सूक्ष्म कण (पीएम २.५) मोजले. हजाराची माळ, पुलपुल, फुलबाजी, भुईचक्र, अनार या सगळ्यांना मागे टाकून पहिला नंबर आला सापाच्या गोळीचा. एका घनमीटरला सुमारे ६४,५०० मायक्रोग्रॅम. हजाराच्या माळेचा आकडा साधारण ३८,५००. जागतिक आरोग्य संघटनेची तेव्हाची मर्यादा होती चोवीस तासांच्या सरासरीला २५. (आता कोणी म्हणेल की काही सेकंदांच्या उच्चांकाची तुलना दिवसाच्या सरासरीशी करू नये. बरोबर आहे. पण ते काही सेकंद आपलं पोर गोळीवर वाकून साप कसा निघतो ते बघत असतं, हेही धरा.)

म्हणजे आमच्या घरात सगळ्यात छोट्याला 'सेफ' म्हणून जे दिलं जायचं, त्याचाच धूर सगळ्यात वाईट होता. भीती आवाजाला होती, आणि ती चुकीच्या जागी होती.

आणि तो खुळखुळा

आता येतो तो पिवळा-लाल खुळखुळा.

चकचकीत पिवळा आणि नारिंगी रंग तेलरंगात आणायचा सोपा आणि स्वस्त मार्ग म्हणजे शिशाची संयुगं. रंग ठसठशीत दिसतो, लवकर वाळतो, टिकतो. शिसं शरीरात गेलं की शरीर त्याला कॅल्शियम समजून फसतं. ते कॅल्शियमच्याच वाटेने रक्तात, हाडांत आणि मेंदूत पोचतं. लहान मुलांचं आतडं मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतं, आणि नेमका त्याच वयात मेंदू तयार होत असतो. ना ताप, ना उलटी. फक्त पोराचं लक्ष लागत नाही, शिकायला थोडं जड जातं. आई-बाप म्हणतात, "जरा मठ्ठच आहे." आणि विषय संपतो.

हे कधी कळलं असेल असं वाटतं? विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला! ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमध्ये लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डॉक्टरने १९०४ मध्ये लिहिलं की मुलांना होणारी शिशाची विषबाधा व्हरांड्याच्या कठड्यांवरच्या रंगातून येते आहे. योगायोग बघा, तो डोळ्यांचा डॉक्टर होता. मुलांची नजर जाते म्हणून त्याच्याकडे आणत आणि तो कारण शोधत घरापर्यंत पोचला. अमेरिकेने घरगुती रंगांतलं शिसं १९७८ मध्ये बंद केलं. आणि आपण? घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे ११३ वर्षांनी.

मधल्या काळात काय झालं त्याचे आकडे आहेत. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांचं रक्त तपासलं होतं. साधारण निम्म्या मुलांत शिशाचं प्रमाण डेसिलीटरला १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघालं, म्हणजे तेव्हा जी धोक्याची रेघ मानली जायची तिच्या वर. त्यात पेट्रोलमधल्या शिशाचा वाटा मोठा होता, ते २००० मध्ये देशभर बंद झालं. नंतर संशोधन पुढे गेलं आणि आता जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचं प्रमाण डेसिलीटरला पाचच्या वर आहे.

खेळण्यांकडे लक्ष गेलं त्यात मुंबईचा हात आहे. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने दिल्ली, मुंबई आणि चेन्नईच्या बाजारातली बिनब्रँडची मऊ प्लॅस्टिकची खेळणी तपासली. 'करंट सायन्स'मध्ये २००७ साली छापून आलेल्या निष्कर्षानुसार तपासलेल्या सगळ्या नमुन्यांत शिसं आणि कॅडमियम कमी-जास्त प्रमाणात होतंच. म्हणजे विष फक्त रंगात नव्हतं, प्लॅस्टिकमध्येच होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅटेल या बड्या कंपनीने शिशाच्या रंगामुळे लाखो खेळणी जगभरातून परत मागवली, आणि हा प्रश्न फक्त फुटपाथवरच्या मालाचा नाही हे सगळ्यांना कळलं. इकडे मुंबई उच्च न्यायालयात एका ग्राहक संस्थेने विषारी खेळण्यांवरून याचिका केली. जानेवारी २००९ मध्ये केंद्र सरकारने चिनी खेळण्यांच्या आयातीवर बंदी घातली आणि मार्चमध्ये ती सैल करून 'तपासणीचं प्रमाणपत्र असेल तर येऊ द्या' असं केलं.

पण देशात बनणाऱ्या खेळण्यांचं काय? खेळण्यांसाठी आयएस ९८७३ हे भारतीय मानक होतं, पण ऐच्छिक. म्हणजे टेस्ट केसेस लिहिलेल्या आहेत, पण त्या चालवल्याच पाहिजेत असं नाही! २०१९ मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने बाजारातून आयात खेळणी उचलून तपासली तेव्हा जवळजवळ दोन तृतीयांश नापास झाली. मग फेब्रुवारी २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला. नोंदणीकृत हस्तकला कारागीर आणि जीआय मिळालेली खेळणी यांना त्यातून सूट आहे.

त्याआधी खेळण्यांचं टेस्टिंग कोण करत होतं? आम्हीच. सरळ प्रॉडक्शनवर. आणि बग रिपोर्ट लिहिता येण्याच्या वयात आम्ही नव्हतो.

मग करायचं काय?

हे वाचून "लाकडी खेळणी घ्या, प्लॅस्टिक नको" असं म्हणायचा मोह होतो. पण प्रश्न लाकडाचा नाही, वरच्या रंगाचा आहे. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं मला आजही जीव की प्राण वाटतात. पण कोणतंही रंगवलेलं खेळणं घेताना रंग कसला वापरलाय हे विचारायला लाजू नका. आणि २०१७ च्या आधीचं, रंगाचे पोपडे निघालेलं काहीही तोंडात घालायच्या वयाच्या मुलाला देऊ नका. शिसं आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, हाच तर सगळा घोळ आहे.

नवीन खेळण्यावर आयएसआय मार्क आणि त्याखाली सीएम/एल क्रमांक असतो. बीआयएस केअर या ॲपमध्ये तो टाकला की परवाना खरा आहे का ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. आणि आजचा न दिसणारा धोका म्हणजे बटणासारखी चपटी बॅटरी. सिग्नलवर, जत्रेत मिळणाऱ्या लुकलुकत्या खेळण्यांत ती असते आणि तिचं झाकण बरेचदा नुसतं दाबून बसवलेलं असतं. ती गिळून अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आत जाळते. झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं घरात नको. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

मला पूर्वी वाटायचं की आपली आजची पिढी उगाच घाबरट झाली आहे. आम्ही कसे धडपडलो, भाजलो, तरी बघा कसे ठणठणीत, वगैरे. आता तसं वाटत नाही. जे ठणठणीत राहिले तेच हे वाक्य म्हणायला उरतात, आणि ज्यांच्या डोक्यात शिसं गेलं त्यांना ते गेलं हे आयुष्यभर कळतही नाही. उलट मुलांना धडपडू द्यावं, झाडावर चढू द्यावं, याबद्दल माझं आता जास्तच ठाम मत झालंय. पडलं की रडतं, रडलं की शिकतं. न दिसणाऱ्या धोक्यातून मूल काहीच शिकत नाही. तिथे शिकायचं काम आपलं.

परत मोरव्याला. निघताना मामीने खुळखुळा पुन्हा लेकीच्या हातात द्यायला घेतला. "आठवण म्हणून तरी असू दे," म्हणाली. तिचंही खरं होतं. दादाने तो तिच्या हातातून घेतला, शर्टाला पुसला आणि मला म्हणाला, "मला निदान बाण येताना दिसला होता रे. हिला हे दिसणार नाही."

मी खाली बघून डब्याचं झाकण लावत राहिलो. त्याने हे आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं.

खुळखुळा आता आमच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर आहे. टिकल्या पाण्यात भिजवून टाकून दिल्या. पिस्तूल दादाने ठेवून घेतलं. आणि आगबोट? काल रविवारी संध्याकाळी परातीत पाणी घेतलं, लेकीला बायकोच्या मांडीवर दोन हात लांब बसवलं आणि काकडा मी पेटवला. चाळीस वर्षांनी तीच बोट, तोच आवाज, फट फट फट. लेक टाळ्या पिटत होती.

तुमच्याही घरी माळ्यावर असा एखादा डबा असेल. जरूर उघडा. फक्त पोरांच्या हाती द्यायच्या आधी एकदा स्वतः नीट बघून घ्या.